कोणीही विरोध करू शकतो

६ जानेवारी, सकाळ

आजपासून नियमित रोजनिशी. जुन्या वहीतली लिहिलेली पानं फाडून टाकली, बालिश होती. ही वही पुढे महत्त्वाची ठरणार. कारण आज घरात संकट आलं, आणि संकटात मी फुलतो.

संकट असं. मामा खुर्ची-खाट बनवतात. दिवसा खुर्ची, ओढली की खाट. हॉस्पिटलात पेशंटपाशी थांबणाऱ्यांसाठी. सगळी करामत पायातल्या खटक्याची. खाटेवर वजन पडलं की तो आपोआप घट्ट बसतो, वजन जास्त तर आणखी घट्ट. उठल्यावर पायाच्या अंगठ्याने दाबायचं, सुटतो. हे मामा कुठे शिकले नाहीत. एकदा मामी जुन्या पद्धतीच्या खाटेसकट खाली बसली. त्यानंतर खटका जमेपर्यंत मामांना घरात तोंड वर करून बोलता येईना.

आता एका मोठ्या फर्निचर कंपनीने त्याच खटक्याच्या पेटंटसाठी अर्ज केलाय. म्हणे आमचा शोध. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या खाटांची ऑर्डर मामांना मिळाली होती, ती थांबली. हॉस्पिटलचे स्टोअरवाले म्हणाले, पेटंट त्यांना मिळालं तर तुमच्याकडून घेणं आम्हाला जमणार नाही, वाट बघू. मामी म्हणाली, वाट बघून वर्कशॉप चालतं का? मामा उठले. आधीच गुळगुळीत असलेला एक पाइप घेऊन कानशीने घासत बसले.

मी म्हटलं, मी बघतो.

मामी म्हणाली, तू आधी आंघोळीचं बघ.

६ जानेवारी, दुपार

आंघोळ केली. विचार केला. अन्यायाशी माझं जुनं वैर. आजवर हाती घेतलेले लढे: कॉलेजने परीक्षेला बसू दिलं नाही (दाद मागायची, बाकी). साप्ताहिकाने न विचारता माझा फोटो छापला (खटला भरायचा, बाकी). समोरच्या जिममधला गाण्यांचा आवाज (जिम आपोआप बंद पडली. विजय).

अनुभव आहे, म्हणजे आहे.

८ जानेवारी

मामांना घेऊन पेटंटच्या एजंटबाईंकडे. ऑफिस चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, जिना अरुंद. बाई बोलतात भराभर, मध्ये मान वर करून चष्म्यावरून बघतात.

मामा म्हणाले, माझं नाव कुठे येता कामा नये. पाइप मी त्याच कंपनीला माल देणाऱ्या डीलरकडून घेतो. नाव दिसलं की पाइप बंद.

बाई म्हणाल्या, तुमचंच नाव पाहिजे असं नाही. अर्ज पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालाय, पेटंट अजून मंजूर नाही. तोपर्यंत कोणीही विरोध करू शकतो. एकदा मंजूर झालं की मात्र एक वर्षाची मुदत, आणि तेव्हा ज्याचा त्या धंद्याशी खरा संबंध आहे त्यालाच करता येतो.

मी विचारलं, कोणीही म्हणजे?

बाई म्हणाल्या, कोणीही.

शिक्षणाची अट? नाही. नोकरीची? नाही. काही करत असण्याची? बाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, नाही.

मी उभा राहिलो. म्हटलं, मामा, तुमचा माणूस तुमच्या घरातच आहे.

बाई म्हणाल्या, उत्साह चांगला आहे, पण पुरावा लागेल. कंपनीने अर्ज टाकायच्या आधी हा खटका लोकांत वापरात होता असं दाखवणारा. बिल, जाहिरात, फोटो, काहीही, तारखेसकट. मामांनी आजवर बिल दिलं नाही, जाहिरात केली नाही. आणि फोटो काढायचा तर खाटेचा कोण काढतो?

पुराव्याचं मी बघतो म्हटलं. तपशील नंतर.

९ जानेवारी

झोप आली नाही. (दुपारची.) आयुष्यभर लोक विचारत आले, तू आहेस कोण? आता उत्तर आहे. कायद्याने माझ्यासाठी जागा ठेवली आहे. प्रत्यक्ष कायद्यात लिहिलंय, कोणीही.

मामेबहिणीला सांगितलं. ती अकाउंट्सचं शिकते, त्यामुळे कल्पनाशक्ती कमी. म्हणाली, दादा, कोणीही करू शकतो याचा अर्थ तू करशील असा होत नाही.

१५ जानेवारी

मसुद्याचं पहिलं वाक्य झालं. "जेव्हा जेव्हा बलाढ्यांनी दुर्बळांच्या खाटेवर हात टाकला आहे." पुढे काय झालं ते सुचत नाही. वाक्य मात्र जबरदस्त.

दाढी वाढवतोय. विरोधकाला दाढी शोभते.

१९ जानेवारी

मसुदा बाजूला. गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा होता, ड्रायव्हर डोंगरापलीकडे निघालेला. बोलता बोलता म्हणाला, येतोस का, बोलायला सोबत होईल. मोकळ्या हवेत डोकं चालतं हे सिद्ध झालेलं आहे. वही घेतली. जर्नलची प्रत घरी राहिली.

६ फेब्रुवारी

परत आलो. डोंगर उत्तम. ड्रायव्हर मोठा तत्त्वज्ञ, पण मला गाडीतून उतरवलं ते बरोबर केलं नाही. म्हणाला, सोबत मागितली होती, रेडिओ नव्हे.

मामी म्हणाली, आलास? मला वाटलं, कंपनीला धडा शिकवूनच येशील. मामांनी फक्त विचारलं, अर्ज झाला का रे? मी म्हटलं, होत आला. मामा हो म्हणाले. वर्कशॉपमधल्या वेल्डरला त्यांनी या महिन्यापासून अर्धा दिवस केलंय.

उद्यापासून पहाटे पाच.

७ फेब्रुवारी

पाचला उठणं अवैज्ञानिक आहे. साडेदहा.

२२ फेब्रुवारी

व्हिजिटिंग कार्डं छापली. नाव, खाली "आक्षेपक (पेटंट)". छापणाऱ्याने विचारलं, हे काय असतं? त्याला समजावण्यात दुपार गेली. पण एक माणूस जागा झाला.

४ मार्च

फार मोठी गोष्ट. जर्नल वाचता वाचता लक्षात आलं की लोक कशाकशाची पेटंटं घेतात. मग मी का नाही? कल्पना: दोन कान असलेला कप. डावखुऱ्यांसाठी वेगळा कप नको. आठवडाभर चित्रं काढली. मामेबहीण म्हणाली, दादा, याला साखरदाणी म्हणतात.

शोध लांबणीवर. पुन्हा खाटेकडे.

१८ मार्च

विरोध दाखल केला!!

सतरा पानं. पेटंट ऑफिसच्या खिडकीवर स्वतः दिला. आतल्या माणसाने नाव-पत्ता बघितला, शिक्का मारला. एका शब्दाने विचारलं नाही, तुम्ही कोण. याला म्हणतात कायद्याचं राज्य.

एजंटबाई म्हणाल्या होत्या, देण्याआधी मला दाखवा. दाखवला नाही. त्या भाषा कोरडी करतात. पुरावा जोडलेला नाही, पण पुरावा लागावा इतकं माझं लेखन दुबळं नाही.

घरी येऊन सांगितलं. मामा उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला, पुन्हा बसले. मामीने वाढताना दोनदा विचारलं, आणखी हवंय का. या घरात एवढं कौतुक म्हणजे मिरवणूकच.

११ मे

अर्जदाराचं उत्तर आलं. ते वाचून मी चक्रावलो. भाषा साधी, थोडी दुखावलेली. "आक्षेपक महाशय माझ्या पाणपात्राला खाट का म्हणत आहेत ते मला कळले नाही. माझ्या पात्रावर कोणी झोपत नाही. कोंबड्या त्यातून पाणी पितात. आक्षेपकांनी कधी कोंबडी जवळून पाहिली आहे काय?"

कंपनीची चाल. दिशाभूल.

११ मे, संध्याकाळ

चाल नव्हे. मामेबहिणीने जर्नल काढून बोट ठेवलं. खाटेच्या अर्जाचा नंबर एका ओळीत, कोंबड्यांच्या पाणपात्राचा वरच्या ओळीत. मी वरची ओळ उतरवली. सतरा पानं एका कोंबडीवाल्यावर झाडली. "दुर्बळांच्या खाटेवर हात टाकणारा" म्हणून.

तसं पाहिलं तर ही चूक नाही, रंगीत तालीम आहे. पेटंट अजून मंजूर व्हायचंय. नंबर बदलून तीच पानं द्यायची. उद्या.

मामांना सांगायची गरज नाही. मामेबहिणीने सांगितलं.

मामी म्हणाली, कोंबड्यांनी काय घोडं मारलं होतं रे तुझं?

१२ मे

पानं पुन्हा टाइप करायची तर सुधारणा हव्यातच. पहिलं वाक्य आता कमी धारदार वाटतं. नव्याने लिहायला घेतलं.

२३ जून

कोंबडीवाल्याच्या प्रकरणात मलाच सुनावणीला बोलावलं. खरं तर "चूक झाली, विरोध मागे" एवढं म्हणून यायचं ठरलं होतं. मामीने नवा शर्ट या अटीवरच दिला होता.

पण सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे ग्लास, मध्ये अधिकारी. त्यांनी विचारलं, आक्षेपक आपणच का? असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हो, मीच. आणि मग तोंड बंद होईना. अर्धा तास बोललो. पाणी हा कोंबडीचा मूलभूत हक्क आहे, तो एकाच्या मालकीचा कसा, असा मुद्दा मांडला. अधिकारी लिहून घेत होते. (जाताना डोकावलो. कोंबडीचं चित्र काढलं होतं. सुरेख.)

विरोध फेटाळला. बाहेर कोंबडीवाले काका उभे, पांढऱ्या मिशा, हातात पाणपात्र. मला वाटलं आता मार. तर म्हणाले, पोरा, तुझा आमच्या धंद्याशी संबंध काय? काहीच नाही म्हटलं. मग एवढा पोटतिडकीने का बोललास? मी त्यांच्या हातातल्या पाणपात्राकडे बघितलं. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, बोलतोस चांगलं, कोंबड्यांना माणसाचा आवाज लागतो. ये फार्मवर, काम देतो.

४ जुलै

फार्मवर आहे. तात्पुरता. नव्या मसुद्यासाठी शांतता हवी होती. इथे शांतता नाही, पण अंडी आहेत. सकाळी कोंबड्यांना मसुदा वाचून दाखवतो. एकही उठून गेली नाही.

२ ऑगस्ट

मामेबहिणीचा फोन. कंपनीला पेटंट मंजूर झालं. विरोध कोणाचाच नव्हता.

मी म्हटलं, असं कसं, माझा मसुदा जवळजवळ तयार आहे. ती म्हणाली, बाबांनी वेल्डरला पूर्णच सुट्टी दिली. फोन कट झाला. किंवा तिने ठेवला. इथे रेंज कमी आहे.

३ ऑगस्ट

घरी. वर्कशॉपमध्ये गेलो. मामा खुर्ची-खाटेवर बसले होते, खुर्ची करून. दिवसाउजेडी मामांना नुसतं बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. पायाच्या अंगठ्याने खटका दाबायचे, सोडायचे, दाबायचे.

मला म्हणाले, जेवलास का?

एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

५ ऑगस्ट

एजंटबाईंकडे, एकटा. कार्ड दिलं. त्यांनी वाचलं, परत दिलं. म्हणाल्या, आता "कोणीही"चा काळ संपला. वर्ष आहे हातात, पण विरोध करायला धंद्याशी संबंध दाखवावा लागेल. तुमच्या मामांचा संबंध तर डोळे मिटून दिसतो. त्यांना पाठवा.

मी म्हटलं, मामा तयार होणार नाहीत, पाइपांचा प्रश्न. मीच संबंधित होतो. बाई म्हणाल्या, कसे? म्हटलं, उद्यापासून खाटा बनवतो.

बाई म्हणाल्या, त्याने विरोध उभा राहील की नाही माहीत नाही, पण खाटा बनवा. काहीतरी करा.

योजना पक्की. कारागीर व्हायचं. संबंध सिद्ध करायचा. कंपनी आडवी.

६ ऑगस्ट

वर्कशॉपला सकाळी आठला हजर. पाइप कापला. मामा म्हणाले, छान. फक्त तो कापायचा नव्हता.

७ ऑगस्ट

बोट ठेचलं. धंद्याशी संबंध रक्ताने जोडला गेला असं मानतो. मामीने हळद लावली, म्हणाली, अरे, खटला लढायचाय की खाटेखाली जायचंय?

८ ऑगस्ट

बोटामुळे निरीक्षण. कायद्याच्या दृष्टीने संशोधन हाही संबंधच असणार. म्हणून माळ्यावरच्या जुन्या खाटेवर झोपून खटक्याचा अभ्यास केला. ही माझी नेहमीचीच खाट, मामांच्या पहिल्या काही खाटांपैकी. दुपारभर अभ्यास केला. खटका हलला नाही. मीही नाही.

११ ऑगस्ट

मामेबहीण म्हणाली, दादा, तुझा संबंध धंद्याशी नाही, खाटेशी आहे.

२० सप्टेंबर

फार्मवर परत. पळून आलो असं काही लोक म्हणतील. (मामी म्हणाली.) पण काकांची दोन माणसं आजारी, कोंबड्यांना कोण बघणार? शिवाय घरात मामा जेवताना पाण्याचा ग्लास उचलून तसाच खाली ठेवतात, ते बघवत नाही. मी नसलो की त्यांना मोकळं वाटत असेल.

मी नसल्याने लोकांना बरं वाटतं, हा गुण थोड्याच लोकांत असतो.

१४ ऑक्टोबर

मामेबहिणीचा निरोप: लगेच ये. बाबांनी विरोध करायचं ठरवलंय. तुझी गरज आहे.

तुझी गरज आहे! हे कोणाला तरी लिहायला लागणारच होतं. काकांनी एसटी स्टँडपर्यंत सोडलं. जाताना म्हणाले, बोलताना मध्ये श्वास घेत जा.

१५ ऑक्टोबर

घरी पोचलो, सगळे टेबलाभोवती. एजंटबाईही. टेबलावर एक छापील पान, घडीवर फाटत आलेलं. बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली.

तेच साप्ताहिक. तोच फोटो. दोन वर्षांपूर्वीचा. वर्कशॉपच्या दारात, भर दुपारी, खाटेवर मी. तोंड उघडं, एक चप्पल पायात, दुसरी खाली. मथळा: "तरुणाई कुठे चालली आहे?" खाली बारीक अक्षरात: "कुठेही नाही."

तो अंक आला तेव्हा मी आसपासच्या सगळ्या दुकानांतल्या प्रती विकत घेऊन नष्ट केल्या होत्या. (पुढच्या आठवड्यात साप्ताहिकाने लिहिलं, वाचकांचा उदंड प्रतिसाद.) ही प्रत आली कुठून?

मामीने ठेवली होती. कपाटात, साड्यांखाली. मी म्हटलं, मामी, हे जपून ठेवायचं होतं का? ती म्हणाली, या घरातलं दुसरं कोण कधी पेपरात आलंय?

साड्यांना ऊन द्यायला काढल्या तेव्हा पान पडलं. मामेबहिणीने उचललं, हसली, आणि हसता हसता थांबली. कारण फोटोत माझ्या चपलेच्या वर, अगदी मधोमध, खटका. बंद. स्वच्छ. वर तारीख. कंपनीच्या अर्जाच्या आधीची.

एजंटबाई म्हणाल्या, याहून चांगला पुरावा मी माझ्या व्यवसायात बघितला नाही. फोटोग्राफरने फोकस पायावर केलाय. तुमचा चेहरा जरा धूसर आहे.

मग मामांना म्हणाल्या, आता सही तुमचीच. मी म्हटलं, पाइप? मामा पेन शोधत होते. म्हणाले, पाइप दुसरीकडे मिळतील. खटका दुसरीकडे मिळायचा नाही.

सही केली. नाव पूर्ण लिहिलं.

मी म्हटलं, खाली सह-आक्षेपक म्हणून मी? बाई म्हणाल्या, तुम्ही पुरावा आहात. पुरावा सही करत नाही.

२७ फेब्रुवारी, सकाळ

आज सुनावणी. कोंबड्यांचा शर्ट. (तोच शर्ट, धुतलेला.) फोटोतला माणूस म्हणून मला बोलावलंय, म्हणजे उलटतपासणी होणार. तयारी दांडगी. कंपनीचे वकील विचारतील, तुम्ही त्या दुपारी झोपला होतात का? मी म्हणेन, महाशय, प्रश्न हा नाही की मी झोपलो होतो का. प्रश्न हा आहे की समाज जागा होता का? मग थांबायचं. पाणी प्यायचं.

पहाटे चारला उठून पाठ केलं. आयुष्यात पहिल्यांदा पहाटे चार.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

लिहितो. सगळं लिहायलाच हवं असं नाही, पण लिहितो.

अधिकारी तेच. मला बघून म्हणाले, आज कोंबड्या नाहीत ना? मी मान हलवली. मामांनी माळ्यावरची जुनी खाट टेंपोतून आणली होती. तीच, फोटोतली, पायावरचा पोचासुद्धा तोच. वकिलांनी म्हटलं, फोटोत दिसतो तो खटका नुसता दिखाऊ आहे, वजन पेलत असेल कशावरून? झोपलेला माणूस एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळला की सुटेल.

एजंटबाई मला म्हणाल्या, जरा फोटोतल्यासारखे आडवे व्हा.

झालो. बाईंनी एक चप्पल काढायला लावली. अधिकारी वाकून फोटो आणि पाय ताडून बघत होते. वकील बोलत होते, त्यांचा आवाज संथ, खोलीत पंखा. मी मनात पाठांतर म्हणत होतो, महाशय, प्रश्न हा नाही की.

पुढचं आठवत नाही.

पुढचं मामेबहिणीकडून. वकील पाऊण तास बोलले. भार, कोन, घर्षण. मी त्या वेळात दोन्ही कुशींवर वळलो, एकदा उताणा झालो, एकदा पाय झाडला. घोरलो. शेवटी वकील म्हणाले, थोडक्यात, अशा खटक्यावर माणूस निर्धास्त झोपू शकत नाही. एजंटबाईंनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

जाग आली तेव्हा लोक फायली बांधत होते. मी ताडकन उठलो, म्हटलं, महाशय, प्रश्न हा नाही. अधिकारी म्हणाले, संपलं, बसा. मग म्हणाले, नको, बसू नका, ती खाट आम्हाला हवी आहे.

खाट पुरावा म्हणून ऑफिसने ठेवून घेतली. मला परत पाठवलं.

रिकाम्या टेंपोत मागे मी आणि मामा. अर्ध्या वाटेत मामांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाले, अरे, काय घोरतोस!

२८ फेब्रुवारी

माळ्यावर जमिनीवर झोपलो. पाठ धरली. त्यागाची दखल कोणी घेतलेली नाही.

१९ एप्रिल

निकाल आला. मामा जिंकले. कंपनीचं पेटंट रद्द. खटका आधीपासून सगळ्यांसमोर वापरात होता, तो कोणा एकाचा नवा शोध नाही. हॉस्पिटलचा फोन लगेच, ऑर्डर चालू करा. मामीने फोन ठेवला आणि पदराने नाक पुसत म्हणाली, कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता. वेल्डर उद्यापासून पूर्ण दिवस.

सगळे खाली गेल्यावर निकाल मी एकट्याने वाचला. आधी वरवर, मग बोट ठेवून. आक्षेपक: मामा. एजंट: बाई. कंपनी, वकील, साप्ताहिक, फोटोग्राफर, सगळ्यांची नावं. पान सहावर माझ्यापाशी आलो.

"छायाचित्रात झोपलेला इसम कोण आहे याच्याशी या निर्णयाचा संबंध नाही. तो कोणीही असू शकतो."

मामेबहिणीला दाखवलं. म्हणाली, दादा, कायदा शब्दाला पक्का निघाला.

ठीक आहे. नवा संकल्प. उद्यापासून वर्कशॉपमध्ये रोज आठला. साप्ताहिकावरचा खटला मागे घ्यायचा. (भरला नव्हता, पण मनातून.) कोंबडीवाल्या काकांना कळवायचं. आणि स्वतःची खाट स्वतः बनवायची, कारण ऑफिसवाले ती परत देण्याचं नाव काढत नाहीत.

१ जून

हॉस्पिटलच्या पहिल्या खाटा आज निघाल्या. सकाळपासून गडबड. मामांनी खालून हाक मारली, अरे ये, एक टोक मी धरलंय, दुसऱ्या टोकाला कोणीतरी पाहिजे. मी म्हटलं, आलोच, एवढं लिहितो. कारण हा दिवस नोंदवायला हवा. हे सगळं कुठून सुरू झालं, विरोध करायची कल्पना पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आली, हे पुढे कोणी विचारलं तर कुठेतरी लिहिलेलं हवं. नीट वाक्य सुचेना. "जेव्हा जेव्हा बलाढ्यांनी" ने सुरुवात करावी का, या विचारात पेन थांबलं.

खिडकीतून खाली बघितलं. दुसरं टोक टेंपोवाल्याने धरलं होतं.